जमीन 'नाही' म्हणत नाही

कारखान्याच्या फाटकावर 'जागा नाही' अशी पाटी लागते, सरकारी कचेरीतून भरतीबंदीचे परिपत्रक निघते, दुकानदार हात जोडून वाटेला लावतो. शेताच्या बांधावर मात्र अशी पाटी आजवर कुणी पाहिलेली नाही. दोघांच्या कामात पाच जणांना सामावून घ्यायचे, त्यातल्या तिघांचे रिकामेपण कुणाच्या नजरेस पडू द्यायचे नाही आणि पाहणीला येणाऱ्यांच्या तक्त्यात पाचही जण 'कामावर' असल्याची नोंद होऊ द्यायची, ही या देशातल्या शेतीची जुनी खोड आहे. गेली जवळपास दोनशे वर्षे इथली आर्थिक धोरणे याच खोडीच्या भरवशावर आखली गेली, असे म्हटले तर अतिशयोक्तीचा आरोप होईल. तो पत्करावा असे ताजे आकडे आहेत. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के लोक शेतीत होते. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४६.१ टक्के झाले. मधले महामारीचे वर्ष सोडले तर या काळात राष्ट्रीय उत्पन्न वाढतच होते, जगातली सर्वांत वेगाने वाढणारी मोठी अर्थव्यवस्था म्हणून गौरवही होत होता, आणि त्याच काळात माणसे मात्र उलट पावली बांधाकडे चालली होती.

या उलट चालीची पहिली तक्रार मराठी माणसांनी फार लवकर नोंदवली, हे आपण जवळपास विसरलो आहोत. पेशवाई बुडून पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकर या तरुणाने 'ए हिंदू' या टोपणनावाने 'बॉम्बे गॅझेट'मध्ये आठ पत्रे लिहिली आणि विलायती व्यापाराने इथला कारागीर कसा उठवला, संपत्ती कोणत्या वाटेने बाहेर जाते, याचा जाब खुद्द राज्यकर्त्यांच्या भाषेत मागितला. रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ मध्ये मराठीत पुस्तक लिहून देशाच्या पूर्वीच्या आणि तेव्हाच्या स्थितीची तुलना केली. पुढे लोकहितवादींनी 'प्रभाकर'मधल्या शतपत्रांतून देशी उद्योगाचा आग्रह धरला. दादाभाई नौरोजींच्या निःसारण-सिद्धांताच्या कितीतरी आधीची ही मंडळी. विलायती कापडामुळे ज्याचा माग बंद पडला तो साळी किंवा कोष्टी गावातून नाहीसा होत नसे; तो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला लागे आणि सरकारदरबारी त्याचा मामला तिथेच मिटे, ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होती.

सरकारला हे दिसत नव्हते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात स्वच्छ लिहिले, की बहुसंख्य रयतेला शेतीखेरीज दुसरा धंदा नाही हेच तिच्या दारिद्र्याचे मूळ आहे आणि धंद्यांत विविधता आणल्यावाचून यावर पुरता उपाय नाही. निदान अचूक होते. दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, मँचेस्टरच्या गिरणीमालकांच्या रेट्याखाली विलायती कापडावरचे आयात शुल्क रद्द झाले. १८९४ मध्ये तिजोरीच्या नडीमुळे ते परत आणावे लागले, तेव्हा मँचेस्टरचे समाधान राखण्यासाठी देशी गिरण्यांच्या मालावर उत्पादन शुल्क बसवण्यात आले. १८९६ मध्ये दोन्ही साडेतीन टक्क्यांवर आणून ठेवली गेली. हे उत्पादन शुल्क उठायला १९२६ साल उजाडावे लागले. एका हाताने निदान लिहायचे आणि दुसऱ्या हाताने नेमके उलटे औषध द्यायचे, या प्रशासकीय कौशल्याचा हा आरंभ नसेल, पण नमुना नक्कीच आहे. आणि याच काळात ब्रिटिश पार्लमेंटपुढे भारताच्या 'नैतिक व भौतिक प्रगती'चा अहवाल दरवर्षी ठेवला जात होता, ज्यात आयात-निर्यातीचे चढते आकडे आणि लोहमार्गांचे वाढते मैल शिस्तीत मांडलेले असत. त्या आकड्यांत खोट नव्हती. ते कुणाच्या कामाचा हिशेब सांगत होते, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी विचारला. 'भारतीय अर्थशास्त्र' या विषयावरच्या त्या व्याख्यानात त्यांनी इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत त्रिकालाबाधित निसर्गनियम नाहीत, ते एका विशिष्ट देशाच्या विशिष्ट अवस्थेत जन्मले आहेत, हे सांगितले. आणि युरोप खेड्याकडून शहराकडे जात असताना हिंदुस्थानला मात्र शेतीकडे लोटले जात आहे, याकडे बोट दाखवले. राजकीय गुलामगिरी सर्वांना दिसते, पण एका देशाच्या भांडवलाने आणि कौशल्याने दुसऱ्या देशाच्या धंद्यांवर मिळवलेली सत्ता जाणवत नाही म्हणून अधिक भयंकर असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. त्यांच्यामागे आकड्यांची भक्कम फळी उभी करणारे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे शिक्षण खात्यातले गृहस्थ आज कुणाला आठवत नाहीत. सरकारी अहवालच तपासून सरकारविरुद्ध साक्षीला उभे करण्याची विद्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना त्यांच्याकडून मिळाली. ती विद्या २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात कामी आली. अर्थसंकल्पात सात कोटींची शिलकी रक्कम दाखवून सरकार स्वतःचे अभिनंदन करवून घेत असताना, दोन दुष्काळ आणि प्लेग यांतून नुकत्याच निघालेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला की अशी शिल्लक पडते, असे गोखल्यांनी कायदेमंडळात उभे राहून सांगितले. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. इतक्या अभ्यासाचे फळ आठ आणे! पण ते मिळाले, हेही नोंदवले पाहिजे.

इथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे. डॅनियल थॉर्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे जुन्या जनगणना तपासून दाखवले, की १८८१ नंतरच्या आकड्यांवरून उद्योगातून शेतीकडे मोठे स्थलांतर सिद्ध करणे कठीण आहे, कारण व्यवसायांच्या व्याख्याच दर दहा वर्षांनी बदलत गेल्या. मोठी पडझड झाली असेल तर ती त्याआधीच होऊन गेली असावी. तर्खडकरांची तारीख पाहता हे पटण्यासारखे आहे. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत शेतीवर जगणाऱ्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास खिळून राहिले, याबद्दल फारसा वाद नाही. आणि अर्धे शतक एका जागी खिळून राहणे ही काही प्रगती नव्हे.

खिळून राहणे म्हणजे जमिनीवर प्रत्यक्षात काय, हे पाहायचे तर पुण्याजवळच्या एका गावात जावे लागेल. मुंबई इलाख्याच्या शेती खात्यातले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर, शेतोशेत अभ्यास प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारण क्षेत्र ४० एकर होते. १९१५ च्या सुमारास ते सात एकरांवर आले होते, तेही अनेक तुकड्यांत विखुरलेले. सरकारी उत्तर तयार होते: तुकडे जोडा, खातेफोड थांबवा. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, २७ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी लहान शेतांवर एक निबंध लिहून या उत्तराचा पायाच काढून घेतला. शेत किती एकरांचे, यावरून ते लहान की मोठे ठरत नाही. त्यावर किती भांडवल आणि किती हात लागतात, यावर ते ठरते. भारतात जमीन कमी आहे म्हणण्यापेक्षा त्या जमिनीला चिकटलेले रिकामे हात अतोनात आहेत, ते बसून खातात आणि साठू पाहणारे भांडवल संपवतात; म्हणून शेतीच्या दुखण्यावरचा खरा इलाज शेतीबाहेर, उद्योगात आहे, असे त्यांनी मांडले. पाश्चात्त्य अर्थशास्त्राला 'छुपी बेकारी' हा शब्द सापडायला अजून दीड-दोन दशके होती. या निबंधाची दखल धोरणाने कशी घेतली? १९४७ मध्ये मुंबई इलाख्याने तुकडेबंदीचा कायदा केला. हात तेवढेच राहिले, कारखाने पुरेसे आले नाहीत, आणि कायदा पुस्तकात असताना महाराष्ट्रातले सरासरी धारण क्षेत्र १९७०-७१ च्या ४.२८ हेक्टरांवरून २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरांवर आले. पिंपळे सौदागरात आता शेत शोधावे लागते. तिथे संगणक अभियंत्यांच्या टोलेजंग सोसायट्या आहेत, आणि त्यांच्या फाटकांवरचे पहारेकरी बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यातल्या कोरडवाहू तुकड्याचे वारसदार असतात.

परकीय सत्तेच्या शेवटच्या पर्वातला रुपयाचा झगडा इथे ओझरता सांगितला तरी पुरे. १९२७ मध्ये रुपयाचा दर १८ पेन्स ठरवण्यात आला. मुंबईचे व्यापारी आणि उद्योजक १६ पेन्ससाठी भांडले आणि हरले. लगेच आलेल्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तरी सरकारने चलनाची 'पत' राखण्याच्या नावाखाली तो दर सोडला नाही. १९३१ नंतर कुणब्यांच्या घरातले सोने मोडून बंदरातून बाहेर गेले आणि हिशेबाच्या वहीत ती निर्यात म्हणून जमा झाली.

स्वातंत्र्यानंतर मालक बदलले, हेतू शंभर टक्के बदलले, आणि तरीही हिशेबाची पद्धत पुरती बदलली नाही. १९५६ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने महालनोबिसांच्या प्रतिमानानुसार पोलाद आणि यंत्रे यांवर भर दिला. मुंबई विद्यापीठाचे चं. न. वकील आणि प. रा. ब्रह्मानंद यांनी त्याच वर्षी वेगळी वाट सुचवली: रिकाम्या हातांना कामाला लावायचे तर आधी धान्य, कापड अशा मजुरीवर खरेदी होणाऱ्या वस्तू पुरेशा निर्माण करा, कारण बेकार माणूस काम मिळताच पहिल्यांदा पोटभर जेवतो. दिल्लीने त्यांचे ऐकले नाही. अवजड उद्योग उभे राहिले, त्यांचे ऋण नाकारता येत नाही. पण प्रत्येक योजना आधीच्या योजनेकडून बेकारीची मोठी थकबाकी घेऊन सुरू होत राहिली, आणि अर्थतज्ज्ञ दांडेकर-रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा हिशेब मांडला तेव्हा ग्रामीण गरिबांसाठी सार्वजनिक कामे काढण्यावाचून जवळचा उपाय नाही, हे पुण्यातूनच पुन्हा सांगावे लागले.

तो उपाय महाराष्ट्राने अभ्यासातून कमी आणि संकटातून जास्त शिकला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात 'मागेल त्याला काम' या कल्पनेचा प्रयोग सुरू केला होता. १९७२ चा दुष्काळ पडला नसता तर तो कदाचित एका सज्जन माणसाचा छंद म्हणूनच नोंदला गेला असता. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. उन्हात खडी फोडणाऱ्या बायका, दुपारी वाटली जाणारी सुकडी, पाझर तलावांची आणि नालाबंडिंगची आखणी, हजेरीपटावरचे अंगठे: त्या पिढीच्या आठवणीत ते वर्ष असेच आहे. त्या वर्षी जमिनीने पहिल्यांदाच ठामपणे 'नाही' म्हटले होते, कारण पाण्यावाचून तिच्यात रिकामेपण लपवायलाही जागा उरली नव्हती. आणि म्हणूनच राज्याला 'हो' म्हणावे लागले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क झाला. त्यासाठी पैसा उभा करायला शहरातल्या पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. बेकारीचे ओझे जमिनीवर न सोडता त्याची किंमत मोजून ती कुणाकडून तरी वसूल करणारे हे आपल्या इतिहासातले दुर्मीळ धोरण होते. त्यातल्या भ्रष्टाचाराच्या कहाण्या खऱ्या आहेत. त्यांनी या मुद्द्याला बाध येत नाही.

मुंबईत मात्र त्याच राज्याने पुढच्याच दशकात उलटे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले; तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, तो विरून गेला. संपाच्या नेतृत्वाचे दोष, मालकांनी वर्षानुवर्षे यंत्रांत न घातलेला पैसा, एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा, या सगळ्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. कमी लिहिले गेले ते याबद्दल, की हजारो कामगार कोकणात आणि घाटावर परतले, भावाच्या वाटणीत पुन्हा शिरले, आणि सरकारच्या लेखी तो प्रश्न सुटला. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कमी मजुरीत विणले जाऊ लागले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे मालक, महापालिका आणि म्हाडा असे तीन वाटे सांगितले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. गिरणगावातली जमीन मौल्यवान ठरली, तिच्यावर राबलेला माणूस गावच्या जमिनीकडे रवाना झाला.

१९९१ च्या उदारीकरणाने परवान्यांचा जाच संपवला आणि वाढीला वेग दिला, हे त्याच्या टीकाकारांनीही मोकळेपणी मान्य करावे. पण त्या वर्षी संघटित क्षेत्रात पावणेतीन कोटींच्या आसपास नोकऱ्या होत्या. वीस वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न तिपटीहून अधिक झाले आणि या नोकऱ्यांनी तीन कोटींचा टप्पाही गाठला नाही. एकच अपवाद ठळक दिसतो: २००४-०५ ते २०११-१२ या काळात शेतीतल्या कामकऱ्यांची संख्या तीन कोटींहून अधिकने घटली, प्रमाण ४९ टक्क्यांपर्यंत खाली आले. ही माणसे मोठ्या संख्येने बांधकामावर गेली. काम कष्टाचे आणि बिनभरवशाचे होते, पण दिशा रानड्यांना हवी होती तीच होती, आणि मजुरीही वाढत होती. तिथेच उत्पादन उद्योगाची साथ मिळायला हवी होती. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नात उत्पादन उद्योगाचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याची आणि २०२२ पर्यंत दहा कोटी रोजगारांची घोषणा केली, सरकार बदलल्यावर 'मेक इन इंडिया'ने तीच पुढे नेली, आणि वाटा १७ टक्क्यांच्या आगेमागेच राहिला. या एका बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत आहे म्हणायचे.

नंतरच्या दहा वर्षांत धक्के बसले ते नेमके त्या छोट्या धंद्यांना, जिथे शेतातून निघालेला माणूस पहिले पाऊल टेकतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मूल्याने ८६ टक्के चलन बाद झाले; त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक बँकांत परत आले, पण मधल्या महिन्यांत रोखीवर चालणारे जे माग, ज्या भट्ट्या, जी बांधकामे थांबली, त्यांचा हिशेब कुठल्याच अहवालात नाही. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला. २०१७-१८ च्या पाहणीत बेकारी ६.१ टक्के निघाली, आणि तो अहवाल निवडणूक उरकल्यावर ३१ मे २०१९ रोजी बाहेर आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने कंपन्यांच्या करात कपात करून स्वतःच्या अंदाजाने १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडले, एवढ्या सवलतीबदल्यात किती रोजगार हवेत हे कुठेही न लिहिता. आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळांवरून गावाकडे चालत निघालेले १६ मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे मालगाडीखाली सापडले. त्या वर्षी साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी मनरेगावर, म्हणजे पागेंच्या योजनेच्या राष्ट्रीय वारसदारावर, काम केले.

२०२३-२४ च्या पाहणीत बेकारी ३.२ टक्क्यांवर आल्याचे सांगितले गेले. आकडा खरा आहे, फक्त त्याच्या पोटात डोकवावे लागते. २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्यांपैकी १३.६ टक्के घरच्या धंद्यात किंवा शेतीत बिनपगारी मदतनीस होते. २०२३-२४ मध्ये ते १९.४ टक्के झाले. नियमित पगाराच्या नोकरीतल्यांचे प्रमाण २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर घसरले. सासऱ्याच्या दोन एकरांत खुरपणाऱ्या सुनेला तक्ता 'रोजगारप्राप्त' म्हणतो, आणि राष्ट्रीय उत्पन्नातल्या जेमतेम १८ टक्के वाट्यावर जवळपास निम्मी माणसे जगतात. सरकारने रोजगाराला जोडलेली ९९,४४६ कोटींची प्रोत्साहन योजना २०२५ मध्ये मंजूर केली, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. निदान सवलत आणि नोकरी एका ओळीत लिहिली गेली. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर आला, निधीचा वाटा मागणीऐवजी केंद्र ठरवणार, आणि शेतीच्या हंगामात ६० दिवस कामे बंद ठेवता येणार. मागेल त्याला काम ही हमी होती. वाटप असेल तेवढे काम ही योजना आहे. हंगामात कामे बंद ठेवण्यामागे मजूर शेतावरच मिळावा, तोही स्वस्तात मिळावा, ही जुनी अपेक्षा आहे, आणि ती या कायद्याने आता उघडपणे लिहून ठेवली.

महाराष्ट्रापुढे यात एक सोपी परीक्षा आहे. ज्या राज्याने केंद्राच्या पंचवीसहून अधिक वर्षे आधी ही हमी स्वतःच्या कायद्याने दिली, त्याने ती स्वतःच्या तिजोरीतून टिकवायची की दिल्लीच्या वाटपावर सोडायची, हे विधिमंडळाने ठरवायचे आहे. पैसा कुठून, हा प्रश्न विचारला जाईल. वाचकांपैकी जे पगारदार आहेत त्यांनी पुढच्या महिन्याची पगारपत्रिका उघडून पाहावी: व्यवसाय कर, बहुतेकांचे २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. ती कपात १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी सुरू झाली आणि आजही चालू आहे. तो पैसा सध्या कुठल्या कामावर खर्च होतो, हे आपल्या आमदाराला लेखी विचारावे.